काळ्या पट्ट्यामागे काय आहे?

तीसेक वर्षांपूर्वी एका मुलीला मी चुकीचे उत्तर दिले. ते आजही मला टोचते, म्हणून आजच्या लेखाची सुरुवात त्या कबुलीनेच करतो.

मार्च महिन्यातली पहाट होती. शाळेच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमासाठी गावाबाहेरच्या माळावर साठेक मुले स्वेटर-मफलरांत गुंडाळून बसली होती. दक्षिणेला वृश्चिक राशी चांगली वर आली होती. ज्येष्ठेचा तांबूस ठिपका, त्याच्या खाली वळत गेलेली विंचवाची नांगी आणि तिच्या पूर्वेला धनु राशीतून वाहणारी आकाशगंगा. छोट्या दुर्बिणीतून मी एकेकाला ज्येष्ठेच्या शेजारचा 'एम ४' हा गोलाकार तारकागुच्छ दाखवीत होतो. "असे गुच्छ आपल्या आकाशगंगेत सुमारे दीडशे आहेत," हे वाक्य त्या पहाटे निदान वीस वेळा तरी म्हटले असेल. सातवीतल्या एका मुलीने दुर्बिणीला डोळा लावण्याआधीच आकाशगंगेला मधोमध चिरत गेलेल्या काळ्या पट्ट्याकडे बोट दाखवले आणि विचारले, "सर, त्या काळ्याच्या मागचे धरून दीडशे का?"

मागे रांग ताटकळत होती. पूर्वेला उजाडू लागले होते. मी म्हणालो, "अगं, मागे असते तर दिसले नसते का? चल, पुढे हो."

ती पुढे झाली. तिचा प्रश्न मात्र मागेच राहिला. पुढे काही वर्षांनी, २००० साली, धुळीमागे लपलेले दोन नवे तारकागुच्छ अवरक्त किरणांच्या साहाय्याने सापडल्याचे वाचले, तेव्हा मला तो माळ आठवला. त्या मुलीने विचारलेला प्रश्न हा खगोलशास्त्रातला एक मोठा प्रश्न होता, आणि मी दिलेले उत्तर ही खगोलशास्त्रातली एक फार जुनी चूक होती.

गोलाकार तारकागुच्छ म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. लाखभर ते दहा लाख तारे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधले जाऊन चेंडूसारखे एकत्र राहतात, तो गोलाकार तारकागुच्छ. लहान दुर्बिणीतून तो पिंजलेल्या कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. दुर्बीण मोठी असेल तर त्या कापसाचे दाणे दाणे सुटे होतात. यातले बहुतेक तारे ११०० ते १३०० कोटी वर्षांचे, म्हणजे आपल्या सूर्याच्या अडीच-पावणेतीन पट वयाचे आहेत. घराण्याचा इतिहास लिहायचा तर आपण आधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडे जातो. आकाशगंगेच्या घराण्यातली ही वृद्ध मंडळी होत.

यांना 'गोलाकार गुच्छ' हे नाव १७८९ साली विल्यम हर्शेल यांनी दिले. हर्शेल मूळचे जर्मनीतल्या हॅनोव्हरचे, पेशाने संगीतकार आणि इंग्लंडमध्ये येऊन स्वतःच्या हातांनी आरसे घासून दुर्बिणी बनवणारे. वृश्चिक राशीकडे पाहताना त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. ज्येष्ठेच्या आसपास आकाशाचा एक तुकडा असा होता, की जिथे जवळजवळ तारेच नव्हते. जणू आकाशाला पडलेले भोक. आणि त्या भोकाच्या अगदी काठावर 'एम ८०' हा दाट भरलेला तारकागुच्छ होता. हर्शेल यांनी १७८५ साली तर्क मांडला तो असा, की या गुच्छाने शेजारचे तारे स्वतःकडे ओढून घेतले असावेत आणि त्यामुळे ती जागा रिकामी झाली असावी.

तर्क देखणा आहे, पण चुकीचा आहे. ती जागा रिकामी नव्हती. तिथे धुळीचा दाट ढग होता आणि त्याने मागचे तारे झाकून टाकले होते.

सव्वाशे वर्षांनी याच चुकीची पुनरावृत्ती आणखी मोठ्या प्रमाणावर झाली. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत हार्लो शेपली हे तरुण शास्त्रज्ञ गोलाकार तारकागुच्छांची अंतरे मोजत होते. हे गुच्छ आकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले नाहीत. जवळजवळ एक तृतीयांश एकट्या धनु राशीच्या दिशेला आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. यावरून १९१८ साली त्यांनी सांगितले, की आकाशगंगेचे केंद्र धनु राशीच्या दिशेला आहे आणि आपला सूर्य त्या केंद्रापासून फार दूर, एका बाजूला पडलेला आहे. कोपर्निकसने पृथ्वीला मध्यावरून उठवले. शेपली यांनी सूर्याला उठवले. विसाव्या शतकातल्या मोठ्या शोधांमध्ये याची गणना होते, ती योग्यच आहे.

परंतु शेपली यांना एक कोडेही पडले होते. आकाशगंगेच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे जिथे तारे सर्वांत दाट असायला हवेत तिथे, गोलाकार गुच्छ त्यांना दिसतच नव्हते. पट्ट्याच्या वर होते, खाली होते, मध्ये मात्र नव्हते. त्यांनी याचे कारण दिले. त्या पट्ट्यातले गुरुत्वाकर्षण एवढे प्रबळ असावे, की तिथे शिरणारे गुच्छ विस्कटून जात असावेत. पुन्हा तेच! दिसत नाही म्हणजे नाही असे धरायचे, आणि मग ते का नाही, याची सुरेख उपपत्ती रचायची.

केंद्राचे अंतरही त्यांच्या हिशेबात दुपटीच्या घरात गेले. आज ते २६ ते २७ हजार प्रकाशवर्षे मानले जाते. चुकीची कारणे एकाहून अधिक होती, पण धूळ हे त्यांतले एक होते. पावसाळ्यात आंबोलीचा घाट ज्यांनी चढला असेल, त्यांना हे चटकन समजेल. धुक्यातून समोरच्या ट्रकचा दिवा मिणमिणता दिसतो, म्हणून तो लांब आहे असे वाटते, आणि पुढच्या क्षणी ट्रक अंगावर आलेला असतो. दिवा मंद दिसण्याची दोन कारणे असू शकतात, अंतर किंवा धुके. शेपली यांनी धुके जवळजवळ जमेतच धरले नाही.

धुके आहे, हे निर्विवादपणे दाखवले ते १९३० साली रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी. त्यांनी आकाशगंगेच्या पट्ट्यातल्या खुल्या तारकागुच्छांची अंतरे दोन रीतींनी काढली, एकदा तेजस्वितेवरून आणि एकदा आकारावरून. दोन्ही उत्तरे जुळेनात. जितका गुच्छ दूर, तितका तो हिशेबाहून अधिक मंद. ताऱ्यांमधली जागा स्वच्छ नसून तिथे धूळ आहे, हाच त्याचा सरळ अर्थ होता.

ही धूळ म्हणजे आपल्या कपाटावर साठणारी धूळ नव्हे. ती कार्बनचे आणि वाळूच्या जातीच्या खनिजांचे अतिसूक्ष्म कण असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे कण त्याच्याही अंशाएवढे. ताऱ्यांमधल्या एकूण द्रव्यात वजनाने ती शेकडा एक एवढीच भरते. पण हजारो प्रकाशवर्षांच्या वाटेवर हा एक टक्का काय करतो पाहा. आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या सुमारे एक लाख कोटी कणांपैकी आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त एक. त्या मुलीने बोट दाखवलेला काळा पट्टा तो हाच. तो भोक नाही, पडदा आहे.

पडद्यापलीकडे पाहण्याची युक्ती मात्र त्याच हर्शेल यांनी शोधून ठेवली होती. १८०० साली त्यांनी सूर्यप्रकाश लोलकातून जाऊ देऊन वर्णपट पाडला आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. ते अवरक्त किरण. आज ते प्रत्येकाच्या घरात आहेत. टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबा आणि त्याच्या टोकाकडे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. डोळ्यांना न दिसणारा दिवा पुष्कळशा कॅमेऱ्यांत लुकलुकताना दिसेल.

लहान तरंगलांबीचा निळा प्रकाश सूक्ष्म कणांवर आदळून चटकन विखुरतो. लांब तरंगांचा तांबडा प्रकाश पुष्कळसा निभावून जातो. मावळतीचा सूर्य तांबडा दिसतो, त्यामागे असेच काहीसे कारण आहे. त्याहून लांब तरंगांचे अवरक्त किरण धुळीच्या कणांना जवळजवळ जुमानतच नाहीत. केंद्राकडून येणाऱ्या २.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या प्रकाशातला दहा-पंधरांतला एक कण तरी आपल्यापर्यंत पोचतो. कुठे लाख कोटींतला एक आणि कुठे पंधरांतला एक! १९६८ साली एरिक बेकलिन आणि गेरी नॉयगेबाउअर यांनी आकाशगंगेचे केंद्र प्रथम पाहिले, ते याच प्रकाशात.

मग पडद्यामागची मंडळी एकेक करून पुढे येऊ लागली. १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये काम करणाऱ्या आगोप टर्झन यांनी तांबड्या प्रकाशातल्या छायाचित्रांवरून केंद्राच्या दिशेचे अनेक अंधुक गुच्छ शोधले होते. १९७६ साली एका उपग्रहाला वृश्चिक राशीतून क्ष-किरणांचे झटपट फटाके फुटताना आढळले. त्या जागी दिसत तर काहीच नव्हते. पुढच्याच वर्षी विल्यम लिलर यांनी अवरक्ताच्या जवळच्या प्रकाशात छायाचित्रे घेतली, तेव्हा तिथे एक आख्खा तारकागुच्छ निघाला. त्याचे नाव 'लिलर १'. १९९७ ते २००१ या काळात अमेरिकेतील ॲरिझोना आणि दक्षिण अमेरिकेतील चिली इथल्या दोन दुर्बिणींनी साऱ्या आकाशाची अवरक्त पाहणी केली. मी वर उल्लेख केलेले दोन गुच्छ त्या पाहणीतले. २००४ साली स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीला आणखी एक मिळाला. २०१० पासून चिलीतल्याच व्हिस्टा दुर्बिणीने केंद्राभोवतीचा भाग वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा न्याहाळला, त्यातूनही नवे गुच्छ हाती आले. खगोलशास्त्रज्ञ वापरतात त्या हॅरिस यांच्या यादीत २०१० साली १५७ गुच्छ होते. आज ही संख्या १७०च्या आसपास गेली आहे.

"वीसेक गुच्छ वाढले, त्यात एवढे काय?" असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण महत्त्व संख्येला नाही, जागेला आहे. आकाशगंगेची घडण केंद्रापाशी प्रथम सुरू झाली असे मानले जाते. म्हणजे सर्वांत जुने साक्षीदार तिथेच असण्याचा संभव अधिक, आणि नेमके तेच पडद्याआड. आजवर आपण आकाशगंगेच्या बालपणाचा इतिहास लिहिला तो मुख्यतः बाहेरच्या अंगाला राहणाऱ्या, सहज भेटणाऱ्या वृद्धांना विचारून. आतल्या खोलीतल्या आजीला कोणी विचारलेच नव्हते. केंद्राच्या जवळच्या 'एचपी १' या गुच्छाचे वय २०१९ साली अवरक्त निरीक्षणांवरून काढले गेले, ते सुमारे १२८० कोटी वर्षे भरले. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे. आतल्या खोलीत खरोखरच आजी होती.

'टर्झन ५' हा गुच्छ तर याहून नवलाचा. सुमारे १९ हजार प्रकाशवर्षांवरचा हा गुच्छ १९६८ साली सापडला आणि चार दशके इतरांसारखाच एक म्हणून यादीत पडून होता. २००९ साली इटलीच्या फ्रान्चेस्को फेरारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वातावरणाची थरथर क्षणोक्षणी सावरून घेणाऱ्या आरशांच्या मदतीने त्याचे अवरक्त चित्र घेतले, तेव्हा त्यात ताऱ्यांच्या दोन वेगवेगळ्या पिढ्या दिसल्या. २०१६ साली त्यांची वये निश्चित झाली. एक पिढी १२०० कोटी वर्षांची, दुसरी अवघ्या ४५० कोटी वर्षांची, म्हणजे जवळजवळ आपल्या सूर्याच्या बरोबरीची. गोलाकार गुच्छात असे असायला नको. २०२१ साली 'लिलर १' मध्येही असाच प्रकार आढळला. हे गुच्छ नसून, ज्यांच्यापासून आकाशगंगेचा मध्यभाग घडला त्या मूळ तुकड्यांचे अवशेष असावेत, असे फेरारो यांचे म्हणणे आहे. सर्वांना ते मान्य आहे असे नाही. पण धुक्यातून पाहून आपण दिलेले नाव धुके सरल्यावर तपासून घ्यावे लागते, एवढे तरी त्यातून दिसतेच.

आता दुसरी बाजू. पडद्यामागे काहीतरी आहे एवढे कळले, की प्रत्येक सावलीत माणूस दिसू लागतो. व्हिस्टाच्या पाहणीनंतर नव्या गुच्छांचे कितीतरी उमेदवार जाहीर झाले. पुढे गाया या यानाने मोजलेल्या ताऱ्यांच्या गतींशी ते ताडून पाहिले, तेव्हा त्यांतले अनेक उमेदवार गळाले. ते तारे एकत्र प्रवास करीतच नव्हते. वेगवेगळ्या अंतरांवरचे तारे योगायोगाने एका रेषेत आले होते, किंवा धुळीच्या दोन ढगांमधल्या फटीतून मागची गर्दी दिसत होती. तेव्हा 'दिसत नाही म्हणून नाही' हे जितके चूक, तितकेच 'दिसल्यासारखे वाटते म्हणून आहे' हेही चूक. शास्त्रज्ञांनी दोन्हींना सारखीच कसोटी लावली, याचे मला अधिक कौतुक वाटते.

आपल्याकडचा एक अनुभव इथे सांगण्याजोगा आहे. आकाशगंगेचे केंद्र रात्रीच्या सोयीच्या वेळी आकाशात वर येते ते जून ते सप्टेंबरात, आणि तेव्हा महाराष्ट्रावर मोसमी ढगांचे छत असते. शिवाय हवेतली वाफ अवरक्त किरण गिळते. म्हणूनच या कामासाठी उंच आणि कोरडी जागा लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादहून आकाशात सोडली, ती याच कारणासाठी. लडाखमध्ये साडेचार हजार मीटर उंचीवर हान्ले येथे जी हिमालयन चंद्र दुर्बीण आहे, तिच्यासाठी अवरक्त वर्णपटमापक याच संस्थेने तयार केला. जिथून दिसत नाही तिथून उठून जिथून दिसेल तिथे जाणे, ही या शास्त्राची रीत आहे.

आणि इथेच मला माझ्या शिक्षकी पेशातली एक गोष्ट कबूल करायची आहे. आमच्या एका शाळेत शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी एक वाक्य ऐकू यायचे: "त्या वस्तीतली मुले स्कॉलरशिपला कधी दिसत नाहीत. अभ्यासाची आवडच नाही त्यांना." मीही मान डोलवीत असे. ती वस्ती ऊसतोड कामगारांची. दिवाळी झाली की आईबापांबरोबर मुलेही कारखान्यांवर जात, ती उन्हाळा लागल्यावर परत येत. परीक्षा होई नेमकी मधल्या काळात. ती मुले यादीत नव्हती, कारण यादी करताना ती गावातच नव्हती. आम्ही मात्र त्यांच्या नसण्याची उपपत्ती रचून मोकळे झालो होतो. हर्शेल आणि शेपली यांच्यापाशी निदान पडद्यापलीकडे पाहण्याचे साधन नव्हते. आमच्यापाशी होते. शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे महिनोन्‌महिने गैरहजेरी लागत होती. तो उघडून पाहायला वीज लागत नव्हती की पैसा.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. शाळेत, पुस्तकात, आकाशदर्शनाच्या माळावर आपण 'किती आहेत' आणि 'किती सापडले' या दोन गोष्टी वेगळ्या सांगायला शिकले पाहिजे. "आकाशगंगेत दीडशे गुच्छ आहेत" हे वाक्य मुलांच्या डोक्यात दार लावून घेते. "आजवर एवढे सापडले आहेत आणि हा पट्टा अजून नीट पाहून झालेला नाही" हे वाक्य दार किलकिले ठेवते. पहिले पाठ करता येते, परीक्षेत त्याला गुण मिळतात. दुसऱ्याने कदाचित एखादी मुलगी आयुष्यभर आकाशाकडे पाहत राहील.

धुळीचा राग मात्र करू नये. त्या गोलाकार गुच्छांत धूळ जवळजवळ नाही आणि खडकाळ ग्रह घडायला लागणारी जड मूलद्रव्येही बहुतेकांत फार थोडी. आपल्या मार्गात आडवा आलेला तो काळा पट्टा मात्र याच द्रव्याने भरलेला आहे. अशाच एका ढगातून सूर्य झाला, पृथ्वी झाली, आपल्या हाडांतले कॅल्शियम आणि रक्तातले लोह आले. जो पडदा आपल्याला आजी पाहू देत नाही, त्याच्याच कापडातून आपण बेतले गेलो आहोत.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. आज ती चाळिशीत असेल. हा लेख तिच्या वाचनात आला, तर तिला सांगायचे आहे की तुझा प्रश्न बरोबर होता आणि सरांचे उत्तर चूक होते.

निवृत्तीनंतरही मार्च-एप्रिलच्या पहाटे मी मुलांना घेऊन माळावर जातो. आता आधी फळ्यावर दोन रकाने आखतो. एकावर 'सापडलेले' आणि दुसऱ्यावर 'असलेले'. पहिल्यात आकडा लिहितो, दुसरा कोरा ठेवतो. मुले वहीत उतरवून घेतात. त्यांना सांगतो, पहिला आकडा पेन्सिलीने लिहा.